धाकट्याला दे!

दुकानाचं पुढे काय करायचं, याची बैठक नेमकी उपांत्य सामन्याच्या संध्याकाळी ठेवायची ही अक्कल मधल्या भाऊजींची. वहिनींनी त्यांना दोनदा सांगून पाहिलं की फुटबॉलच्या विश्वचषकाच्या दिवसांत पाचनंतर नाना माणसांत नसतात. पण मधले भाऊजी नोंदणी कचेरीत हेडक्लार्क. त्यांना मुद्द्यांशिवाय बोलता येत नसे आणि मुद्दे सुरू झाले की थांबता येत नसे.

"पहिला मुद्दा," चष्मा काढून कपाळ चोळत ते म्हणाले, "नाना टीव्हीचा आवाज बंद करूनच सामना बघतो, त्यामुळे आपल्याला त्रास नाही. दुसरा मुद्दा, सामना चालू असताना तो आपल्याशी भांडत नाही, त्यामुळे त्याला त्रास नाही. तिसरा मुद्दा, आक्का आलेली आहे."

तिसऱ्या मुद्द्यापुढे कुणाचं काही चालत नसे. आक्का या तिघा भावांची थोरली बहीण. चाळीस वर्षं इस्पितळात नोकरी, त्यातली शेवटची बारा मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी समोरच्याच्या तोंडात थर्मामीटर आहे अशाच नजरेनं ती बघायची, आणि समोरचा खरोखरच तोंड मिटून बसायचा.

तर मंगळवारी संध्याकाळी दुकानाच्या वरच्या खोलीत सगळे जमले. खाली दुकान, वर घर. वहिनींचे सासरे गेल्यापासून ही तिसरी बैठक. पहिल्या दोन कशा मोडल्या ते आता उगाळण्यात अर्थ नाही, पण दुसरीत फुटलेल्या फ्लॉवरपॉटची जागा अजून रिकामीच होती. वहिनी चहाची किटली घेऊन दाराशी उभ्या. त्या दोन दिरांच्या वहिनी, म्हणून गिऱ्हाइकांच्याही वहिनी. त्यांचे यजमान नाना तेवढे "अगं" म्हणत.

नाना भावांत थोरले आणि धंद्यानं चष्मेवाले. उरलेल्या काळात इतका अबोल माणूस की दुकानात दिवसभर त्यांचं एकच वाक्य चाले: "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" पण दर चार वर्षांनी महिनाभर त्यांच्या अंगात येई. त्यांचा संघ हिरव्यांचा. हिरव्यांचा देश त्यांनी नकाशात एकदाच पाहिला होता आणि पुन्हा शोधायला गेले तेव्हा सापडला नव्हता. पण प्रेम ते प्रेम. समालोचकांवर मात्र त्यांचा भयंकर राग. "मला काय दिसतंय ते मला दुसऱ्यानं सांगायला नको," असं म्हणून ते पहिल्या मिनिटाला आवाज बंद करत. यंदा खुर्ची त्यांनी टीव्हीच्या इतकी जवळ ओढली होती की गुडघे टेबलाला लागत होते. उत्साह वाढला असेल, असं वहिनींना वाटलं होतं.

"तर प्रश्न असा," मधल्यांनी वही उघडली, "की नाना आता थकला. खालच्या जागेसाठी मोबाइलवाले मागे लागलेत. दुकान त्यांना भाड्याने देऊन टाकावं."

"आणि मी काय करू?" धाकटे भाऊजी म्हणाले. ते वीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत होते. कामात असा हात की गिऱ्हाइकाला काच कुठे संपते आणि फ्रेम कुठे सुरू होते ते कळू नये. बोलण्यात मात्र कच्चे. "मोबाइलला काचा बसवू?"

"हल्ली तेही चालतं," आक्का म्हणाली. ती आज मधल्याच्या बाजूला बसली होती, आणि आक्का जिथे बसते ती बाजू, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"धाकट्याला दे!" नाना ओरडले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"दे ना त्याला! एकटाच काय घेऊन बसलायस? केव्हाचा मोकळा उभा आहे तो!"

धाकटे भाऊजी हळूहळू उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "नाना," ते म्हणाले, "मला वाटलं नव्हतं रे, की हे तुझ्या लक्षात असेल. भाऊ, लिहून घे."

"मी नाही लिहिणार," मधले म्हणाले. "तो कुणातरी खेळाडूला म्हणाला."

"कुठल्या?"

मधल्यांनी डोळे बारीक करून टीव्हीकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"हिरव्यांच्यात एक एकोणीस वर्षांचा पोरगा आहे," वहिनींनी सांगून टाकलं. "त्याला हे धाकटा म्हणतात. त्यांची नावं यांना उच्चारता येत नाहीत, म्हणून सगळ्यांना यांनीच नावं ठेवलीत. गोलकीपर तो म्हातारा."

धाकटे भाऊजी बसले. दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील.

"सोड! सोड आता!" नाना किंचाळले. "किती वेळ धरून बसणार? वय झालं तुझं!"

"हे मात्र लिहितो," मधल्यांनी पेनाचं टोपण काढलं. "'वय झालं.' स्वतःच्या तोंडानं."

"तो म्हाताऱ्या गोलीला म्हणाला!"

"गोली चेंडू धरूनच बसणार. त्याचं कामच ते. त्याला कशाला सोड म्हणेल?"

"दोघंही गप्प बसा," आक्का म्हणाली. "अजून काय म्हणतो ते ऐकू."

आणि मग अशी गंमत झाली की बैठक बाजूलाच राहिली. तिघं भावंडं खुर्च्या पुढे ओढून नानांच्या तोंडाकडे बघत बसली. नाना "मागे ये!" म्हणाले की धाकट्यांना वाटे मागची खोली आपलीच राहणार. "पुढे बघा, पुढे!" म्हणाले की मधले मान डोलवत. मग नाना मुठी आपटून ओरडले, "काढा त्या टकल्याला बाहेर! काही उपयोगाचा नाही, नुसता मध्ये मध्ये येतो!" तेव्हा मधल्या भाऊजींचा हात नकळत डोक्यावरून फिरला, आणि त्यांनी ते वाक्य काही लिहिलं नाही.

ऐंशी मिनिटं झाली. शून्य-शून्य अशी बरोबरी. हिरवे आणि निळे दोघंही घामाघूम. वहिनी रिकाम्या कपबश्या उचलत होत्या, इतक्यात नाना स्प्रिंग सुटावी तसे उडाले. "गोऽऽऽल!" त्यांनी आधी धाकट्यांना मिठी मारली, मग मधल्यांना, आक्काच्या कपाळाचा मुका घेतला, स्वेटर उलटं करून डोक्यावर ओढलं आणि जेवणाच्या टेबलाभोवती पळायला लागले. हा त्यांचा नेहमीचा रिवाज. एक गोल, एक फेरी. टेबलाच्या कोपऱ्याला मांडी आपटली तरी ते थांबले नाहीत.

बाकी कुणी हललं नाही. टीव्हीवर निळे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या टाकत होते आणि हिरव्यांचा म्हातारा गवतावर पालथा पडला होता.

"नाना," धाकटे भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले, "गोल त्यांनी मारला."

नाना थांबले, स्वेटर डोक्यावरच. मग आतून आवाज आला, "माहीत आहे मला. चांगल्या खेळाचं कौतुक करू नये का माणसानं?"

"वा!" मधले म्हणाले. "किती मोठं मन झालंय नानाचं. बघा, निवृत्तीची हीच वेळ."

आक्का आपलं कपाळ चाचपत होती. वहिनींनी उचललेल्या कपबश्या पुन्हा टेबलावर ठेवल्या. चौतीस वर्षं त्या या माणसाबरोबर राहिल्या होत्या. एकदा हिरव्यांच्या विरुद्ध चुकीचा कॉर्नर दिला म्हणून हा माणूस दोन दिवस जेवला नव्हता आणि रेफरीला पत्र लिहायला बसला होता. हा आणि निळ्यांचं कौतुक करणार?

हिरवे हरले. नाना "ठीक आहे, खेळ आहे" असं म्हणाले आणि मीठ घातलेला चहा प्याले. साखरेचा डबा शेजारीच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी वहिनी खाली उतरल्या. तपासणीच्या खुर्चीसमोर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. तो त्यांनी काढून कपाटामागे ठेवला आणि त्याच खिळ्याला लहान मुलांचा चित्रांचा तक्ता टांगला. नाना खाली आले तेव्हा त्या खुर्चीत बसलेल्या होत्या.

"अहो, माझे डोळे तपासा ना. हल्ली अंधूक दिसतं."

"तुला कधी लागलाय नंबर?" म्हणत नानांनी छडी घेतली आणि अगदी नेमकी खालून तिसऱ्या ओळीवर टेकवली. "वाच."

"छत्री, बदक, होडी."

"चूक. त, र, ल." छडी बदकावर टक टक वाजली. "नीट बघ. हा र आहे."

"अहो, तो र पोहतोय."

छडी तिथेच थांबली. नाना तक्त्याजवळ गेले. इतके जवळ, की नाक बदकाला लागलं. मग ते परत येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"सहा महिने झाले. मोतीबिंदू असणार, दोन्हीकडे. धुक्यात बसल्यासारखं वाटतं. हिरवं आणि निळं तर आता एकच."

"आणि सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर त्याच्या खुर्चीत कोण बसेल? भाऊ तर वहीच घेऊन बसलाय. उद्या मोबाइलवाल्यांची पाटी लावेल." ते थोडा वेळ छडी हातात फिरवत राहिले. "आणि डॉक्टर डोळ्याला पट्टी बांधून ठेवतात. चार वर्षं वाट बघितल्यावर महिनाभर पट्टीकडे बघत बसू? सामने संपू दे. मग जातो."

वहिनींना त्यांना रागवायचं होतं. त्यांनी रागवायला तोंडही उघडलं. पण समोर बसलेल्या माणसाचं स्वेटर कालचंच, अजून उलटं होतं, आणि त्यांना हसू यायला लागलं.

"दोन सामने राहिलेत ना? सोमवारी सकाळी आपण डॉक्टरकडे. तोवर मी कुणाला बोलणार नाही. पण हो म्हणा."

"हो. पण एक अडचण आहे." नानांनी इकडे तिकडे बघून आवाज उतरवला. "काल मला काहीच कळलं नाही गं. शेवटचे दोन सामने असे गेले तर मी मरेन. आणि आता टीव्हीचा आवाज लावला तर सगळ्यांना कळेल."

"मग?"

"तू सांग मला. काय दिसतंय ते."

शनिवारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. हरलेल्या दोघांचा. तो बघायला कुणी आलं नाही. मधल्या भाऊजींच्या मते त्या सामन्यात एकही मुद्दा नव्हता. हिरवे आणि लाल मैदानात उतरले. वहिनी नानांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. त्यांनी आयुष्यात एकही सामना सलग बघितला नव्हता, पण नियमांचं एक पातळ पुस्तक दोन दिवसांत वाचून काढलं होतं, आणि त्यातला ऑफसाइडचा सोडून बाकी सगळे नियम त्यांना पटले होते.

"सुरू झालं," त्या म्हणाल्या. "सगळे पळतायत."

"कुठे?"

"इकडून तिकडे. आता तिकडून इकडे."

"अगं, चेंडू कुणाकडे आहे?"

"लांब केसांचा एक लाल आहे, त्याच्याकडे. आता पडला. कुणी पाडलं नाही हो, आपणच पडला. पाय धरून लोळतोय. आता बघतोय रेफरी येतोय का. नाही आला, उठला."

"चेंडू?"

"चेंडू कुठे गेला ते नाही पाहिलं मी. त्या लोळणाऱ्याकडे बघत होते. त्याच्या आईला काय वाटत असेल?"

"आई गेली खड्ड्यात! चेंडू बघ!"

"अहो, तोंड सांभाळा. आला, चेंडू आला. तुमच्या धाकट्याकडे आला. एकाला चुकवलं. दुसऱ्याला चुकवलं. अगंबाई, तिसऱ्याला पण. एकटाच निघालाय, कुणी नाही त्याच्यापुढे, मार ना रे! मार! काय बघतोयस? मार!" वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. "मारला! आत! अहो, आत गेला!"

"कुणाचा? नीट सांग, कुणाचा?"

"आपला!"

आणि नाना त्यांचा हात धरून टेबलाभोवती पळाले. वहिनींना डोक्यावरून ओढायला स्वेटर नव्हतं, म्हणून त्यांनी ॲप्रन ओढला. दोघंही तोंड झाकून फेरी मारत असताना दारात आक्का उभी होती. ती विसरलेली छत्री न्यायला आली होती.

दोघं तिच्यावर जाऊन आदळली.

"नान्या," आक्का म्हणाली, "मी कोण?"

"आक्का."

"आवाज न ऐकता ओळखायचं होतं." तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. दोन्ही पापण्या अंगठ्यानं वर केल्या. "दुधासारखी झालीत बुबुळं. तरीच मंगळवारी माझ्या कपाळाचा मुका घेतलास. साठ वर्षांत असं कधी केलं नव्हतंस."

"आक्का, सोमवारपर्यंत कुणाला सांगू नका," वहिनी हात जोडायच्या बेतात होत्या.

आक्कानं छत्री कोपऱ्यात ठेवली आणि नानांच्या दुसऱ्या बाजूला बसली. "माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना आजच फोन करते. किती झाले? एक-शून्य? वहिनी, तू डावी बाजू सांग, मी उजवी सांगते."

पण आक्काच्या उजव्या बाजूचा काही भरवसा नव्हता. लाल खेळाडूला ती हिरवा म्हणे, आणि एकदा तिनं कॉर्नरच्या झेंड्याला "हा उंच पोरगा अजिबात हलत नाही" असं म्हटलं. तरी हिरवे तीन-दोन जिंकले. तिसरे आले. जगात पहिले आल्यासारखे नाना खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "खरा सामना हाच. अंतिम काय, तो कुणीही जिंकतं."

रविवारी अंतिम सामना, निळे विरुद्ध पिवळे. नाना अर्थातच पिवळ्यांच्या बाजूनं. निळ्यांनी हिरव्यांना हरवलं होतं, आता निळ्यांचं भलं होता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. सगळे पुन्हा जमले. मधले भाऊजी मोबाइलवाल्यांचा करारच टाइप करून घेऊन आले होते. आक्का बसायला आली तेव्हा त्यांनी शेजारची खुर्ची पुढे केली. आक्का त्या खुर्चीला वळसा घालून धाकट्यांच्या शेजारी जाऊन बसली. मधल्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, आपल्याला नीट दिसलं का याची खात्री करायला.

वहिनी नानांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या, कानाशी वाकून. पहिला अर्धा तास सगळं कुजबुजीत निभावलं. मध्यंतराला चहा झाला. मधल्यांनी करार पुढे केला आणि नानांनी तो "वाचतो" म्हणून मांडीखाली ठेवला. उत्तरार्ध गेला, जादा वेळही गेला, गोल एकाचाही नाही. शेवटी पेनल्टी आल्या आणि तिथे वहिनींचा तोल गेला.

"पिवळा टकलू आलाय!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "चेंडू ठेवला, मागे गेला, मोजे वर करतोय, धावला, मारला, गोली डावीकडे, चेंडू उजवीकडे, आत! अहो, आत!"

टीव्हीकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे वहिनींकडे बघत होते.

"वहिनी," धाकट्यांनी विचारलं, "तुम्ही नानाला सांगताय?"

वहिनींनी ओठ आवळले. पडद्यावर निळा खेळाडू चेंडू ठेवत होता.

"हो, सांगतेय ती!" नानाच ओरडले. "मला दिसत नाही. सहा महिने दिसत नाही. मोतीबिंदू आहे. आता थांबलात कशाला? कुणीतरी सांगा ना काय चाललंय ते!"

मधल्या भाऊजींनी वही मिटली. मग डोळ्यावरचा चष्मा काढून नानांच्या मांडीवर ठेवला. "हा चार महिन्यांपूर्वी तूच करून दिलास. हा लावल्यापासून माझं डोकं थांबलेलं नाही. कचेरीत मी एका घराची नोंद शेजारच्याच्या नावावर केली."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू आयुष्यात माझ्यासाठी कधी चुकीचा नंबर काढला नव्हतास. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. मग आक्काचाही नवा चष्मा चुकलेला निघाला." ते आता मुद्दे विसरून बोलत होते. "म्हटलं, दुकान बंद करू. लोकांना कळायच्या आत. तुझं नाव राहील."

आक्कानंही आपला चष्मा काढून नानांच्या मांडीवर ठेवला. "काल मी झेंड्याला पोरगा म्हटलं," ती म्हणाली.

नाना हातातले दोन्ही चष्मे चाचपत बसले. "तपासायच्या काचांच्या कडेवरचे अंक दिसत नव्हते रे. पंचवीसचे पंचाहत्तर वाटायचे." त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे सहा महिने सगळ्या गिऱ्हाइकांना..."

"नाही, नाही," धाकटे भाऊजी घाईघाईनं म्हणाले. "गिऱ्हाइकांचे बरोबर आहेत. तुझे आकडे विचित्र यायला लागले तेव्हापासून मी प्रत्येकाला 'फ्रेम बसते का बघतो' म्हणून मागे नेत होतो आणि पुन्हा तपासत होतो. रोज. फक्त घरच्यांचे राहिले. तुझ्यावर घरात कोण शंका घेणार?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मोठा आहेस," धाकटे म्हणाले, जणू त्यात सगळं आलं.

नानांनी मांडीखालून करार काढला आणि तो मधल्यांच्या दिशेनं, म्हणजे खरं तर आक्काच्या दिशेनं धरला. "धाकट्याला दे," ते म्हणाले.

सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं.

"तिकडे काय बघताय? आज हिरवे खेळतच नाहीयेत. मी याला म्हणतोय. दुकान धाकट्याला दे. तपासणीची खुर्चीसुद्धा."

मधल्यांनी करार घेतला, चार घड्या घातल्या आणि मागच्या खिशात कोंबला. "चालेल," ते म्हणाले. "पण त्यानं पहिला नंबर माझा काढायचा. आज. सामना संपल्याबरोबर."

"सामना!" नाना दचकले. "किती झाले?"

तोवर चार-चार झाले होते आणि शेवटची पेनल्टी उरली होती. पिवळ्यांची एक कधीच हुकली होती, ती कुणी पाहिलीच नाही. आता निळ्यांचा शेवटचा खेळाडू येत होता. त्यानं गोल केला तर निळे जिंकणार.

"वहिनी, नीट सांगा," धाकटे म्हणाले.

"पहिला मुद्दा," मधले डोळे चोळत म्हणाले, "तो उजव्या पायानं मारणार."

"डावा," आक्का म्हणाली.

"तुम्ही दोघं गप्प बसा, तुम्हाला काही दिसत नाही!" वहिनींनी दोघांना झापलं. आयुष्यात पहिल्यांदाच. "चेंडू ठेवला. श्वास घेतोय. पिवळ्यांचा गोली हात पसरून नाचतोय. धावला. मारला."

त्या थांबल्या.

चेंडू कोपऱ्यात, जाळीत, अगदी सरळ गेला होता. निळे धावत सुटले होते.

"काय झालं?" नानांनी मागे हात करून त्यांचा हात पकडला. "अगं, बोल ना. काय झालं?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. ती पांढुरकी बुबुळं, उघडं तोंड, तीन आठवड्यांची दाढी. हिरवे हरले होते, डोळे गेले होते, खुर्ची आत्ताच दिली होती.

"वर," वहिनी म्हणाल्या. "पार वरून गेला. प्रेक्षकांत."

"म्हणजे बरोबरी? पुढची कुणाची?"

"पिवळ्यांची," वहिनींना घाम फुटला. "हा बघा, पिवळा आला. मारला. आत. आता निळा. मारला. हाही वरून."

"पिवळे जिंकले?"

आक्कानं चाळीस वर्षांत एकाही रोग्याला खोटं सांगितलं नव्हतं. तिनं घसा साफ केला. "पिवळे," ती म्हणाली.

"पिवळेच," धाकटे म्हणाले.

मधल्या भाऊजींनी वही उघडली आणि या घराच्या बैठकांच्या नोंदीत पहिल्यांदाच 'सर्वानुमते' हा शब्द लिहिला.

नाना टेबलाभोवती पाच फेऱ्या धावले. खाली रस्त्यावर निळ्यांचा जल्लोष सुरू झाला, तेव्हा आक्कानं खिडकी लावून घेतली.

त्यानंतरचे चार दिवस घरानं असा पहारा दिला की काय सांगावं. दुकानाच्या दारावर धाकट्यांनी पाटी लावली: "येथे फुटबॉलवर बोलू नये." दोन गिऱ्हाइकं परत गेली, त्यांना वाटलं दुकानात कुणाचं तरी काही झालंय. दूधवाला "निळ्यांनी कमाल केली" म्हणायला लागला, तेव्हा वहिनींनी त्याच्या हातात त्याचंच दूध परत ठेवून दार लावलं. मधल्या भाऊजींना नवा चष्मा मिळाला आणि त्यांनी कचेरीतून फोन करून सांगितलं की चुकीचं घर मूळ मालकाला परत केलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बुधवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गुरुवारी सकाळी पट्टी निघाली. वहिनी शेजारी, आक्का मागे. नाना आधी नुसती पापण्यांची उघडझाप करत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, वहिनींकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुझे केस कधी पिकले?"

"तुम्ही बघत नव्हता तेव्हा."

"आता तो तक्ता वाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण नाना तक्त्याकडे बघतच नव्हते. समोरच्या बाकावर एक आजोबा सोमवारचं शिळं वर्तमानपत्र उघडून वाचत बसले होते, आणि पहिलं पान बरोबर नानांच्या तोंडासमोर होतं. वहिनींच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आक्कानं वर्तमानपत्राच्या पुढे उभं राहायचा प्रयत्न केला, पण ती बारीक होती आणि मथळा मोठा होता.

"निळे विश्वविजेते," नानांनी मोठ्यांदा, एक अक्षर न अडखळता वाचलं. "पेनल्टीवर पाच-चार."

"उत्तम!" डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "एवढ्या लांबून! डोळा अगदी तरुण झालाय. दुसऱ्याचं पुढच्या आठवड्यात करून टाकू."

वहिनी छताकडे बघत होत्या. आक्का छत्रीच्या दांड्याकडे.

नानांनी डावा डोळा तळहातानं झाकला. उजव्या डोळ्यानं त्या वर्तमानपत्राकडे निरखून पाहिलं, मान इकडे करून, तिकडे करून, अगदी दुकानात गिऱ्हाइकाला बघायला लावत तसं. मग हात काढला आणि वहिनींना म्हणाले,

"याची घाई नको. या डोळ्यानं अजून पिवळेच जिंकलेत."